साहेब, इतके दिवस गप्प का होतात?

एप्रिल २०२५ मधली गोष्ट. आमच्या पाथरीत बचत गटाची बैठक होती. हप्त्यांचा हिशोब राहिला बाजूला आणि सगळ्याजणी एका मोबाइलभोवती गोळा झाल्या. शेजारच्या बीडचा निलंबित फौजदार रणजित कासले व्हिडिओत बोलत होता. पोलीस त्याच्या शोधात, आणि हा आपल्याच खात्यावर आरोप करतोय! वाल्मीक कराडच्या एन्काउंटरसाठी आपल्याला कोट्यवधींची ऑफर होती, असा त्याचा दावा. त्याच महिन्यात नोकरी गेली आणि तो पुण्यात पकडलाही गेला.

‘वर्दी अंगावर होती तवा का नाही बोलला?’ आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या. मला मात्र त्याच्याहून कितीतरी मोठे साहेब आठवले.

परमबीर सिंह, मुंबईचे पोलीस आयुक्त. अंबानींच्या घराजवळच्या स्फोटकांच्या प्रकरणात त्यांच्या हाताखालचा सचिन वाझे अटकेत गेला आणि १७ मार्च २०२१ ला साहेबांची बदली होमगार्डला झाली. तीनच दिवसांनी त्यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं. गृहमंत्री अनिल देशमुखांनी वाझेला महिन्याला शंभर कोटी गोळा करायला सांगितलं, असा आरोप. देशमुखांनी तो नाकारला, पण हायकोर्टाने सीबीआय चौकशी लावल्यावर त्यांना राजीनामा द्यावा लागला. मात्र त्याच हायकोर्टाने साहेबांनाही विचारलं होतं, की गुन्हा घडतोय हे कळल्यावर तुम्ही एफआयआर का केला नाही? पोलीस अधिकारी ना तुम्ही!

पुढे खुद्द साहेबांवरच खंडणीचे गुन्हे दाखल झाले आणि साहेब गायब! १७ नोव्हेंबरला मुंबईच्या कोर्टाने त्यांना फरार घोषित केलं. मुंबई पोलिसांपासूनच धोका आहे, असं त्यांच्या वकिलांनी सुप्रीम कोर्टात सांगितलं. ज्या दलाचे हे कालपर्यंत प्रमुख होते, त्याच दलाची भीती! अटकेपासून संरक्षण मिळालं तेव्हा २५ नोव्हेंबरला ते मुंबईत हजर झाले. इतके दिवस चंदीगडला होते म्हणे.

उशिरा बोलला म्हणजे खोटंच बोलला, असं मी मुळीच म्हणणार नाही. बदलीच्या भीतीने पोलीसही तोंड मिटून बसतात. म्हणून तर सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये, प्रकाश सिंह खटल्यात, बदल्यांसाठी वेगळं मंडळ नेमायला सांगितलं. मला खटकतं ते पुढचं. त्यांच्याच आरोपांच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती चांदिवाल यांचा आयोग नेमला, तिथे साहेब जाईनात. दंड झाला, वॉरंट निघालं. शेवटी प्रतिज्ञापत्र दिलं, की पत्राशिवाय माझ्याकडे आणखी पुरावा नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ते निलंबित झाले, जून २०२२ मध्ये निवृत्त झाले, आणि मे २०२३ मध्ये सरकारने निलंबन मागेही घेतलं.

मागे एका बाईबरोबर मी एका ठाण्यात गेले होते. नवरा आठ वर्षं मारत होता. समोरचा पहिला प्रश्न काय, तर ‘इतके दिवस गप्प का होतात?’ ती म्हणाली, ‘लेकरं लहान व्हती साहेब, जावं कुठं?’ एफआयआरच्या छापील फॉर्ममध्ये तक्रारीला उशीर का झाला, यासाठी एक रकाना असतोच. पण केवळ उशीर झाला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. ठाण्यात घेतली नाही तर पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, हे लक्षात असू द्या.

ती बाई काही चंदीगडला गेली नाही. मजुरी बुडवून, एसटीने, प्रत्येक तारखेला हजर राहिली. त्या रकान्यात अंमलदारांनी दोनच शब्द लिहिले होते, ‘घरगुती कारण’.