वाटीभर उजेडाची फुशारकी

लक्ष्मीपूजनाची आरती संपते न संपते तोच हल्ली घरातले सात-आठ हात एकदम वर जातात. नमस्कारासाठी नव्हे, फोटोसाठी! मग जो तो आपापल्या फोनकडे पाहून "झकास!" म्हणतो. क्षमा करा वाचकहो, पण या "झकास"बद्दल मला चार शब्द बोलायचे आहेत. उन्हात हा खिशातला कॅमेरा मोठा गुणी असतो. घरात शिरला की मात्र थापा मारू लागतो.

यात जादूटोणा काही नाही, शाळेतले गणित आहे. भर दुपारच्या उन्हात सुमारे १,००,००० लक्स उजेड असतो. रात्री सगळे दिवे लावून झळाळणाऱ्या आपल्या बैठकीत तो जेमतेम शे-दोनशे. डोळे सवयीने सांभाळून घेतात, म्हणून आपल्याला हा फरक जाणवत नाही. कॅमेऱ्याला जाणवतो. जुन्या फिल्मची चौकट ३६ बाय २४, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटरची. आजच्या काही महागड्या फोनांत 'एक इंची' म्हणून मिरवणारा सेन्सर मोजा: १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, म्हणजे अवघा ११६. त्यात इंच कुठेच सापडत नाही! साध्या फोनांची गत तर याहून केविलवाणी. पावसात कुणी परात ठेवली, कुणी वाटी ठेवली. दोघांकडे सारखेच पाणी साचेल काय? आणि दुकानदार छातीठोकपणे सांगतो, "पन्नास मेगापिक्सेल आहे, साहेब!" अहो, वाटीत पाच कोटी कप्पे पाडले म्हणून पाऊस का जास्त पडतो?

मग ही तूट भरायची कशी? फोन आपला डोळा अधिक वेळ उघडा ठेवतो, तर फुलबाजी फिरवणारे पोर भुतासारखे पुसट होते. मिळालेला उजेड फुगवतो, तर चित्रावर रवा सांडल्यासारखे कण दिसतात. ते कण पुसायला गेला, की त्यांच्याबरोबर आजीच्या सुरकुत्या आणि तिच्या लुगड्याचा पोतही पुसला जातो. भराभर अनेक फोटो घेऊन त्यांचा एक करण्याची युक्तीही त्याला ठाऊक आहे. समईसाठी ती ठीक. समई हलत नाही. पोरे हलतात! फ्लॅश लावावा, तर पुढच्यांच्या तोंडाला चुना आणि मागच्यांच्या वाट्याला काळोख.

"मास्तर, तुमच्या वेळचे घरातले फोटो तरी कुठे धड येत होते?" असे कुणी विचारील. नव्हतेच येत. कित्येक काळेकुट्ट येत. पण काळे येत, खोटे येत नसत. बिघडलेला फोटो आपण बिघडला म्हणून ओळखत होतो. आज आजीच्या जागी मेणाची बाहुली येते आणि आपण तिलाच आजी म्हणून जपून ठेवतो. वीस वर्षांनी नातवंडांना तीच खरी वाटणार. सत्तर वर्षांच्या कष्टांनी त्या चेहऱ्यावर जे लिहिले, ते खोडण्याचा अधिकार या यंत्राला दिला कुणी?

माझे भांडण यंत्राशी नाही, आपल्या भाबडेपणाशी आहे. यंत्राची कुवत ओळखून काम घेतले तर ते इमानाने करते. तेव्हा भाऊबीजेच्या सकाळी आजीला खिडकीपाशी बसवा, तोंड उजेडाकडे करा, फोनची काच धोतराच्या सोग्याने पुसा, आणि सुरकुत्यांसकट तिचा एक फोटो काढून ठेवा.