चार मिनिटांच्या व्हिडिओतून जात कोणी कापली?

काही दिवसांपूर्वी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत आम्ही गेलो होतो. गावाने वर्गणी काढून प्रोजेक्टर घेतला आहे. चांगली गोष्ट आहे. सहावीच्या वर्गात 'जगातील संस्कृती' या विषयावरचा चार मिनिटांचा व्हिडिओ चालू होता. जपानची बाई किमोनो घालून चहा देते. आफ्रिकेत ढोल वाजतात. मेक्सिकोत लोक रंगीत कपडे घालून नाचतात. शेवटी भारत येतो. दिवाळी, पुरणपोळी, भरतनाट्यम, फेटा बांधलेली मुले. मग अक्षरे उमटतात, 'विविधतेत एकता'. मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि गुरुजींनी पुढचा व्हिडिओ लावला.

मागच्या दोन रांगांत बौद्धवाड्यातली आणि भिल्ल वस्तीवरची मुले बसली होती. त्यांना मागे कोणी बसवत नाही, ती आपणहून बसतात, असे आम्हाला सांगण्यात आले. सहावीतले मूल आपणहून मागे बसायला कुठे शिकते, हा खरा सामाजिक शास्त्राचा प्रश्न आहे. त्या चार मिनिटांत त्याला जागा नव्हती.

आम्ही व्हिडिओच्या विरोधात नाही, हे आधीच स्पष्ट करतो. नवे साधन दिसले की नाक मुरडणे ही आंबेडकरी चळवळीची रीत नाही. बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला तेव्हा त्यांनी त्या काळाचे साधन हातात घेतले. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यापर्यंत भीमराव कर्डक यांच्यासारखे जलसाकार पोचले. जलशातला फार्स थोडा वेळच चालायचा, पण त्यात सावकार असायचा, भटजी असायचा, पाटील असायचा आणि त्यांना उलट प्रश्न विचारणारा आपला माणूसही असायचा. बघणारा घरी जाताना आपल्याच गावाकडे वेगळ्या नजरेने बघायचा. आजच्या भाषेत तो छोटा शैक्षणिक कार्यक्रमच होता. म्हणून आमचा आक्षेप व्हिडिओच्या लांबीवर नाही. चार मिनिटांत बसवण्यासाठी काय ठेवले जाते आणि काय कापले जाते, यावर आहे.

कापले काय जाते? माणसामाणसातले वरखालीपण. उरतात ते कपडे, जेवण आणि सण. जपान दाखवायचा तर किमोनो दाखवतात, बुराकुमिन दाखवत नाहीत. कातडी कमावणाऱ्या, मेलेली जनावरे ओढणाऱ्या या समाजाला जपानने शतकानुशतके अस्पृश्य ठेवले. १८७१ च्या फर्मानाने कायदा बदलला, तरी लग्नात आणि नोकरीत भेदभाव पुढेही चालू राहिला. हे ऐकल्यावर चर्मकाराच्या मुलाला जपान एकदम ओळखीचा वाटेल. अमेरिका दाखवायची तर उंच इमारती दाखवतात. १९६० साली न्यू ऑर्लिन्समध्ये सहा वर्षांची रूबी ब्रिजेस ही काळी मुलगी गोऱ्यांच्या शाळेत गेली, तेव्हा तिच्यासोबत सरकारी मार्शल चालत होते आणि गोऱ्या पालकांनी आपली मुले वर्गातून काढून नेली. हे चार मिनिटांत दाखवता येत नाही का? उत्तम दाखवता येते. व्हिडिओ तिथे थांबवून गुरुजींनी एवढेच विचारावे, 'आपल्या गावात असे कधी झाले होते का? घरी आजीला विचारून या.' दुसऱ्या दिवशी वर्गात जे येईल, ते कोणत्याही पुस्तकात नसेल.

जग शिकवायला नगरच्या मुलांना फार लांब जावे लागत नाही. मलिक अंबर इथिओपियातला. गुलाम म्हणून विकला गेला, दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. जहांगीरच्या फौजांना त्याने गनिमी काव्याने जेरीस आणले. १६२४ ची भातवडीची लढाई नगरपासून थोड्याच अंतरावर झाली आणि त्यात शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. जमीन महसुलाची घडी बसवणारा म्हणून त्याचे नाव आजही घेतले जाते. आफ्रिका म्हणजे ढोल आणि सिंह, असे बघणाऱ्या मुलाला एकदा कळू द्या की एक आफ्रिकी माणूस त्याच्याच जिल्ह्याचा कारभार बघत होता.

दुसरे उदाहरण त्याच शहरातले. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून नगरमध्ये काम सुरू केले. सिंथिया फरार या अमेरिकन बाई तिथे मुलींना शिकवत होत्या. त्यांची शाळा जोतीरावांनी पाहिली आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीमाईंनी अध्यापनाचे धडे नगरमध्येच घेतले. पुढे १८७३ मध्ये जोतीरावांनी 'गुलामगिरी' लिहिले आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ते अर्पण केले. १९१६ साली बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात जातीवरचा निबंध वाचला आणि १९४६ मध्ये काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहिले. आपल्या महापुरुषांनी जगाकडे असे पाहिले. कोण कुणाला दाबतो, कोण त्यातून सुटला आणि कसा सुटला, हे त्यांनी शोधले. किमोनोचा रंग त्यांनी विचारला नाही.

आता नेहमीचा आक्षेप घेऊ. काही शिक्षक आणि पालक आम्हाला म्हणतात, 'लहान मुलांच्या डोक्यात जात कशाला घालता? त्यांना ती माहीतही नसते.' हे ऐकायला गोड लागते, पण खोटे आहे. कोणाच्या घरी पाणी प्यायचे, कोणत्या वस्तीत खेळायला जायचे नाही, कोणत्या आडनावाला काय म्हणायचे, हे गाव मुलाला शाळेच्या आधीच शिकवते. प्रश्न जात शिकवायची की नाही हा नाही. गाव जी जात शिकवते, तिला शाळा उत्तर देणार की नाही, हा आहे.

आणि हे आम्ही नगर जिल्ह्यात उभे राहून बोलतो आहोत. २०१३ साली सोनईत तीन मेहतर तरुणांची हत्या झाली. २०१४ साली जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात एका सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला मारून टाकले गेले. कारण काय, तर वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो म्हणून. खटला उभा राहिला, साक्षीदार फिरले आणि २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. फिरणारे साक्षीदार कोण होते? याच गावांतली, याच शाळांत शिकलेली माणसे. त्यांनीही नागरिकशास्त्राच्या पुस्तकात समता वाचली होती, अस्पृश्यता नष्ट करणारे कलम १७ पाठ केले होते. परीक्षेत गुण मिळाले असतील. कोर्टात उभे राहून खरे बोलण्याचे बळ मात्र त्या शिक्षणाने दिले नाही. 'विविधतेत एकता' हे चार मिनिटांत दाखवून ते बळ येणार आहे का?

शासनाची जबाबदारी इथे येते. शैक्षणिक चित्रफिती बनवण्यासाठी महाराष्ट्राने १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी उभी केली. तिचे कार्यक्रम दूरदर्शनवर लागायचे आणि आमच्या पिढीतल्या अनेकांना ते आठवतात. त्यात सगळे आमच्या मनासारखे होते, असे आम्ही म्हणत नाही. पण ती सार्वजनिक संस्था होती. चुकीचे दाखवले तर मोर्चा कुठे न्यायचा हे माहीत होते, विधानसभेत प्रश्न विचारता येत होता. २०१७ मध्ये शासनाने तिला टाळे लावले. त्याच वर्षी केंद्राचे 'दीक्षा' आले आणि बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड छापले जाऊ लागले. म्हणजे व्हिडिओची गरज संपली म्हणून बालचित्रवाणी बंद झाली असे नाही. गरज वाढत असताना ती बंद झाली. आज वर्गात काय लागते? शिक्षकाला घाईत जे सापडेल ते. ते कोणी लिहिले, लेखनाच्या टेबलावर एक तरी दलित, आदिवासी किंवा भटक्या समाजातला माणूस होता का, हे विचारायचे कोणाला?

शिक्षकांना दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळणाऱ्या, वर सर्वेक्षणे आणि निवडणुकीची कामे उपसणाऱ्या गुरुजींना व्हिडिओ म्हणजे श्वास घ्यायला मिळालेली फुरसत असते. हे आम्हाला समजते. म्हणूनच मागणी वरच्यांकडे आहे. शिवाय एक मूल त्या वर्गात नसतेच. दिवाळीनंतर पाथर्डी, शेवगाव, जामखेडची ऊसतोड कुटुंबे बिऱ्हाड घेऊन कारखान्यांवर जातात. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना याच जिल्ह्यात, प्रवरानगरला उभा राहिला, हे पाठ्यपुस्तकात येते. त्या फडात कोपी घालून राहणारे मूल येत नाही. मोबाइल असला तरी तो बापाच्या खिशात असतो आणि बाप पहाटेच फडात गेलेला असतो.

आमच्या मागण्या साध्या आहेत. बालचित्रवाणीसारखी सार्वजनिक संस्था पुन्हा उभी करा आणि तिच्या लेखन मंडळात वंचित समाजांतल्या शिक्षकांना व अभ्यासकांना हक्काची जागा द्या. प्रत्येक व्हिडिओसोबत शिक्षकाला तीन प्रश्न द्या: यात कोण दिसले नाही, यातले काम कोण करते, आपल्या गावात हे कसे आहे. व्हिडिओ जितका वेळ चालला, तितका वेळ तरी मुलांना बोलू द्या. ऊसतोडीच्या हंगामी शाळांना हे साहित्य इंटरनेटशिवाय चालेल असे पोचवा. आणि मोठ्या मुलांच्या हातात कॅमेरा द्या. मलिक अंबर, फरार बाईंची शाळा, अकोल्यातले राघोजी भांगरे, धामणगावचे दया पवार, हे विषय त्यांच्या दारात आहेत.

शासन हे करेपर्यंत आपण वाट बघत बसायचे का? अजिबात नाही. प्रत्येक वस्तीत समाजमंदिर आहे, बुद्धविहार आहे. रविवारी एक तास मुलांना बसवा. एक व्हिडिओ लावा, मध्येच थांबवा आणि प्रश्न विचारा. दुसऱ्या वस्त्यांतल्या मुलांनाही बोलवा, सवर्णांच्या मुलांनाही बोलवा. मागच्या रांगेतल्या पोरांना पुढे बसवायचे काम तिथून सुरू करू.

जयभीम!