कलावंताला आधार पन्नाशीनंतरच?

वाशीम : येथील कादंबरीकार नामदेव कांबळे यांच्या ‘राघववेळ’ला १९९५ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार लाभला, तेव्हा वाशीम जिल्हाही झाला नव्हता. पद्मश्री मिळाली ती २०२१ मध्ये. दरम्यानच्या काळात त्यांच्या लेखनाला खरा आधार होता शिक्षकाच्या नोकरीचा.

जिल्ह्यातील शाहीर, भजनी वा लोककलावंतांना अशी नोकरी क्वचितच लाभते. राज्य शासनाने ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांचे मानधन २०२४ मध्ये सरसकट दरमहा ५ हजार रुपये केले, हे स्वागतार्हच. मात्र, सर्वसाधारणपणे वयाची ५० वर्षे ओलांडल्यावरच ते मिळते. कला घडते त्याआधीच्या उमेदीच्या वर्षांत. मजुरीसाठी गाव सुटते तेही त्याच वर्षांत. मानधनाने कलावंताचे उतारवय सावरेल. पण तोपर्यंत कला हातात उरली पाहिजे.