औषधांची पिशवी आदल्या रात्री कशाला?

मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांच्या घरी महिनाभर आधीपासून लगबग असते. मेतकूट, भाजणी, लोणचे यांची यादी होते, बॅगेचे वजन तीनतीनदा केले जाते. औषधे मात्र आदल्या रात्री आठवतात. मग कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून सहा महिन्यांच्या गोळ्या आणायच्या, जागा वाचावी म्हणून खोकी फेकायची आणि पट्ट्या रबर लावून मोठ्या बॅगेत कोंबायच्या. हा क्रम उलटा व्हायला हवा.

अमेरिकेत पर्यटक व्हिसावर बहुधा सहा महिने राहता येते; स्वतःच्या वापराची औषधे नेण्याची मर्यादा मात्र साधारणपणे ९० दिवसांची आहे. भारतातली चिठ्ठी दाखवून तिथे औषध सहसा मिळत नाही. तिथल्या डॉक्टरकडे जावेच लागते, आणि फी ऐकूनच बीपी वाढते. मुक्काम मोठा असेल तर मुलांनी डॉक्टरची वेळ आधीच घेऊन ठेवावी. चिठ्ठी टाइप केलेली, इंग्रजीत आणि ब्रँडसोबत औषधाचे मूळ नाव असलेली हवी. आपले पॅरासिटामॉल तिथे असिटामिनोफेन म्हणून विकले जाते. दोन्ही वेगळी समजून घेतली तर मात्रा दुप्पट होते आणि अतिरेक यकृताला भोवतो.

दुबईचे नियम आणखी कडक. ट्रामाडॉलसारखी वेदनाशामके आणि कोडीन असलेली खोकल्याची औषधे संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित आहेत. ती न्यायची तर तिथल्या सरकारची परवानगी आधी ऑनलाइन घ्यावी लागते. औषधांचे सोडा, तिथे खसखशीवरही बंदी आहे. दिवाळीचा फराळ नेणाऱ्यांनी अनारसे घरीच ठेवावेत. गोड्या मसाल्यात खसखस पडली आहे का, हेही विचारून घ्यावे. ‘एवढ्याशा डब्याला कोण बघतंय’ हा आपला लाडका युक्तिवाद विमानतळावर चालत नाही.

इन्शुलिन आणि रोजच्या गोळ्या हातातल्या बॅगेतच हव्यात. सामानकक्षातल्या थंडीत इन्शुलिन गोठू शकते आणि एकदा गोठलेले वापरता येत नाही. शिवाय मोठी बॅग दुसऱ्याच विमानाने गेली, तर दोन दिवस काढायचे कशावर?

प्रवास विमा घेताना मधुमेह किंवा जुनी अँजिओप्लास्टी लपवून हप्ता वाचवणे हा सर्वांत महागडा काटकसरीपणा आहे. आजार लपवल्याचे उघड झाले की दावा नाकारला जाऊ शकतो आणि तिथल्या रुग्णालयाचे बिल मुलांच्या गळ्यात पडते.

केनियाच्या सफारीला जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर ग्राह्य धरले जाते. त्याशिवाय परतणाऱ्याला भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. तिकिटे काढली त्याच आठवड्यात लसीची वेळ घ्यावी.