पिस्तुलाचा चाप किती जड असावा?

न्यूयॉर्क शहराच्या पोलीस दलाने २०२१ मध्ये एक निर्णय घेतला. अमेरिकेबाहेर त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. नव्याने भरती होणाऱ्या पोलिसांच्या पिस्तुलांचा चाप ओढण्यासाठी यापुढे सुमारे १२ पौंडांऐवजी सुमारे ५ पौंड जोर लागेल, असे ठरले. म्हणजे साधारण साडेपाच किलोच्या जागी सव्वादोन किलो. जवळजवळ तीन दशके सुरक्षिततेच्या नावाखाली जपलेले धोरण या शहराने बदलले. हा प्रश्न केवळ पोलिसांपुरता नाही. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३ च्या पाहणीनुसार अमेरिकेतील ३२ टक्के प्रौढांकडे स्वतःची बंदूक आहे आणि त्यांच्यापैकी ७२ टक्के लोकांनी संरक्षण हे ती बाळगण्याचे प्रमुख कारण सांगितले आहे. आत्मसंरक्षणासाठी घेतलेल्या पिस्तुलाचा चाप किती जड असावा, हा प्रश्न त्यांच्यापैकी प्रत्येकापुढे आहे.

इंग्रजी बातम्यांत याला चापाचे ‘वजन’ म्हणतात. भाषांतर करताना हा शब्द फसवा ठरतो. येथे चाप या धातूच्या तुकड्याचे वजन अभिप्रेत नसते, तर गोळी सुटेपर्यंत तो ओढण्यासाठी लागणारा जोर अभिप्रेत असतो. शाळेच्या प्रयोगशाळेतील ताणकाट्यासारखे साधन चापाला अडकवून तो मोजतात. जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्वरमध्ये चाप ओढला की आधी घोडा मागे जातो, सोबत काडतुसांचे चक्र फिरते आणि मग घोडा सुटतो. म्हणून तेथे चाप लांबवर आणि दहा-बारा पौंडांच्या जोराने ओढावा लागतो. ग्लॉकसारख्या आधुनिक पिस्तुलात आतली कमान आधीच काही प्रमाणात ताणलेली असते. तेथे साडेपाच पौंडांच्या आसपासचा जोर आणि बोटाची थोडीशी हालचाल पुरते. बाहेरून लावायची वेगळी कळही त्यात नसते.

न्यूयॉर्कच्या पोलिसांना अर्धस्वयंचलित पिस्तुले वापरण्याची व्यापक मुभा १९९३ मध्ये मिळाली. तोपर्यंत त्यांचे हात सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्वरला सरावलेले होते. हलक्या चापामुळे अपघात वाढतील, या भीतीने पिस्तुलांमध्ये मुद्दाम जड कमान बसवून घेण्यात आली आणि नव्या शस्त्राचा चाप जुन्या शस्त्राइतका कठीण करण्यात आला. वरवर पाहता यात काहीच वावगे वाटत नाही.

परंतु गोळ्या भरलेले असे पिस्तूल पाऊण-एक किलोचे असते. एवढीशी वस्तू हातात स्थिर धरायची आणि तिच्याच एका भागावर साडेपाच किलोचा जोर लावायचा, तर ती हलणारच. निवांत मैदानावरही हे साधणे सोपे नाही. मग समोरून गोळ्या येत असताना काय होत असेल? रँड या संशोधन संस्थेने न्यूयॉर्क पोलिसांसाठी केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही बाजूंनी गोळीबार झालेल्या चकमकींत १९९८ ते २००६ या काळात पोलिसांच्या सरासरी १८ टक्केच गोळ्या नेमक्या लागल्या होत्या. समोरून गोळीबार होत नसतानाही हे प्रमाण ३० टक्क्यांपुढे गेले नव्हते. याचा सर्व दोष चापावर टाकता येत नाही. अंधार, धावपळ, भीती आणि अपुरा सराव हीही कारणे आहेतच. तरीही हलका चाप तपासून पाहावा, अशी शिफारस त्या अहवालात होती.

चुकलेली गोळी कुठेतरी जातेच. ऑगस्ट २०१२ मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर एका खुनी हल्लेखोराला रोखताना दोन पोलिसांनी १६ गोळ्या झाडल्या. त्यात रस्त्यावरचे नऊ जण जखमी झाले. ते सर्व पोलिसांच्याच गोळ्यांनी किंवा त्यांच्या उडालेल्या तुकड्यांनी जखमी झाले होते. शस्त्र बाळगणाऱ्याच्या हातून होणारा अपघात टळावा म्हणून जड केलेल्या चापाची किंमत अशी वाटसरूंनाही मोजावी लागते.

मग चाप हलका करावा आणि मोकळे व्हावे का? राजधानी वॉशिंग्टनचा अनुभव याच्या अगदी उलट आहे. तेथील पोलिसांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस पाच पौंडांच्या चापाचे ग्लॉक पिस्तूल स्वीकारले. त्याच सुमारास घाईघाईने मोठी भरती झाली आणि प्रशिक्षण तोकडे पडले. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधमालिकेनुसार पुढच्या दहा वर्षांत पोलिसांच्या हातून नकळत गोळी सुटल्याच्या १२० हून अधिक घटना घडल्या. कित्येक पोलिसांनी स्वतःला किंवा सहकाऱ्यालाच जखमी केले. लॉस एंजेलिस परगण्याच्या शेरीफ विभागात जड चापाचे आणि कळ असलेले बेरेटा जाऊन हलक्या चापाचे, कळ नसलेले पिस्तूल आले, तेव्हा अशा घटना २०१२ मधील १२ वरून २०१४ मध्ये ३० वर गेल्या. तेथे चौकशीत पिस्तुलाला जोडलेल्या विजेरीचाही संबंध आढळला. मुठीवरचे बटण आवळताना सोबत चापही आवळला जात होता.

या आकड्यांवरून जड चापाच्या बाजूने निकाल देण्याआधी न्यूयॉर्कमधीलच एका प्रकरणाकडे पाहावे लागते. नोव्हेंबर २०१४ मध्ये ब्रुकलिनमधील एका वसाहतीच्या अंधाऱ्या जिन्यात पीटर लियांग हा नवखा पोलीस पिस्तूल हातात घेऊन शिरला. कसलासा आवाज झाला, तो दचकला आणि गोळी सुटली. ती भिंतीवर आदळून खालच्या मजल्यावरील २८ वर्षांच्या निःशस्त्र तरुणाला लागली व त्याचा मृत्यू झाला. चाप सुमारे १२ पौंडांचाच होता. खटल्यात ज्यूरींनी ते पिस्तूल हातात घेऊन चाप स्वतः ओढून पाहिला. इतका जड चाप नुसत्या दचकण्याने कसा ओढला गेला, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांनी लियांगला सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवले. न्यायाधीशांनी नंतर हा गुन्हा निष्काळजीपणामुळे झालेला मृत्यू असा कमी केला आणि तुरुंगवासाऐवजी पाच वर्षांची परिवीक्षा व ८०० तासांची समाजसेवा अशी शिक्षा दिली.

शरीराची प्रतिक्रिया लक्षात घेतली की हे कोडे बरेचसे उलगडते. माणूस दचकला, त्याचा तोल गेला किंवा दुसऱ्या हाताने त्याने काही घट्ट पकडले, तर शस्त्र धरलेली मूठही आपोआप आवळली जाते. प्रौढ माणसाच्या मुठीची ताकद तीस-चाळीस किलोंच्या घरात असते. तिच्या अल्पांशानेही १२ पौंडांचा चाप ओढला जाऊ शकतो. जर्मनीत पोलिसांच्या हाती दाबमापक बसवलेली पिस्तुले देऊन केलेल्या प्रयोगांत काहींचे बोट त्यांच्या नकळत चापाला लागलेले आढळले. बोट चापाभोवतीच्या कडीबाहेर असेल तर पाच पौंडही सुरक्षित असतात आणि बोट आत असेल तर बारा पौंडांचाही भरवसा देता येत नाही.

खासगी व्यक्तीच्या पिस्तुलाबाबत म्हणूनच मध्यममार्ग शहाणपणाचा दिसतो. उत्पादकाने दिलेला साडेपाच-सहा पौंडांचा चाप आहे तसाच ठेवावा. साडेतीन पौंडांचे हलके सुटे भाग बाजारात सहज मिळतात. पण ते नेमबाजीच्या स्पर्धांसाठी योग्य आहेत, उशाशी ठेवायच्या शस्त्रासाठी नाहीत. त्यात कायद्याचाही धोका आहे. संरक्षणार्थ झाडलेल्या गोळीचा खटला उभा राहिला, तर मुद्दाम हलका करून घेतलेला चाप विरुद्ध पक्षाच्या वकिलाला बेफिकिरीचा आयता पुरावा ठरू शकतो. चाप पूर्ण झाकणारे होल्स्टर आणि घरात कुलूपबंद पेटी यांवर खर्च केलेला पैसा अधिक सत्कारणी लागेल. ज्यांना सराव करणे शक्यच नाही, त्यांना जड चापाचे साधे रिव्हॉल्वर घ्यावे असा सल्ला दुकानांतून सर्रास दिला जातो. आमच्या मते तो अर्धाच बरोबर आहे, कारण ज्याने सराव केलेला नाही त्याचाच नेम जड चापाने सर्वाधिक ढळतो.

खरी चिंतेची बाब पुढे आहे. अमेरिकेतील २९ राज्यांत पात्र प्रौढांना परवान्याशिवाय पिस्तूल लपवून बाळगता येते. परवान्याची अट गेल्याने त्यासोबतची प्रशिक्षणाची सक्तीही तेथे उरलेली नाही. वॉशिंग्टनच्या त्या पोलिसांना निदान काही शिक्षण तरी मिळाले होते. आज दुकानातून तशाच चापाचे पिस्तूल घेऊन बाहेर पडणाऱ्या ग्राहकाला एकही गोळी झाडून पाहण्याचे बंधन नसते.

भारतात शस्त्र परवाना मिळणे कठीण आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे दोनच बंदुका ठेवता येतात. तरीही १ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या परवानाधारक रिव्हॉल्वरमधून गोळी सुटून त्यांच्याच पायात शिरली. कपाटात ठेवताना शस्त्र हातातून निसटून पडले, असे तेव्हा सांगण्यात आले. शस्त्र पडून गोळी सुटते तेव्हा चापाचा जोर गौण ठरतो. तेथे घोडा अडवणारी आतली यंत्रणा आहे का, ती शाबूत आहे का आणि घरात ठेवलेल्या शस्त्रात काडतुसे आहेत का, हे पाहावे लागते. आपल्या २०१६ च्या शस्त्र नियमांत शस्त्र हाताळण्याच्या सुरक्षा प्रशिक्षणाची तरतूद आहे. वर्षानुवर्षे कपाटात पडून असलेल्या जुन्या रिव्हॉल्वरच्या किती मालकांनी ते प्रशिक्षण घेतले आहे, हे परवान्याच्या नूतनीकरणावेळी तपासता येण्यासारखे आहे.