देवमासा आणि दर्यावर्दींचा वारसा

आपलें देवनार ज्या ट्रॉम्बे बेटावर वसलें, तें आतां भरावानें मुंबईशीं जोडलें गेलें आहे. तरी खाडीकांठीं कोळ्यांच्या होड्या अजून लागतात. परंतु कोळीवाड्यांतून येणारा मुलगा बापाचा धंदा सांगतांना आवाज खालीं आणतो, हें वर्गांत पाहून मला खेद होतो. बेटावरील दर्यावर्दी लोकांचा खरा वारसा कोणता, याचा म्हणूनच विचार झाला पाहिजे.

अटलांटिक महासागरांत पोर्तुगालच्या अधीन असलेल्या अझोर द्वीपसमूहांत पिको नांवाचें लहानसें बेट आहे. तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या उघड्या होड्यांतून, हातानें भाला फेंकून देवमाशाची शिकार करीत. टेहळणीच्या चौकींतून पाण्याचा फवारा दिसला कीं इशारा होई, आणि शेतांतलें काम टाकून माणसें किनाऱ्याकडे धांवत. सन १९८७ मध्यें तेथें शेवटचा देवमासा मारला गेला. आज टेहळे पूर्वींप्रमाणेंच देवमासे हुडकतात, पण प्रवाशांस ते दाखविण्यासाठीं. आणि जुन्या होड्यांच्या शर्यती होतात.

शिकार थांबली म्हणजे वारसा बुडाला, असें कित्येक म्हणतात. मला तें मान्य नाहीं. वाऱ्यापाण्याची पारख, धैर्य आणि सोबत्यावरील विश्वास हाच वारसा होय. हत्या ही त्या काळची गरज होती.

आपल्याच पश्चिम किनाऱ्याकडे पहा. सौराष्ट्रांतील मासेमार व्हेल शार्क नांवाच्या अजस्र मुशीस मारून तिच्या यकृताचें तेल लांकडी होड्यांस चोपडीत. २००१ सालीं कायद्यानें बंदी आली. परंतु मनें वळलीं तीं २००४ नंतर, जेव्हां मुरारी बापूंनीं ही माहेरीं बाळंतपणास येणारी लेक आहे, असें समजाविलें. त्यानंतर मासेमारांनीं स्वतःचीं जाळीं कापून शेंकडों मुशी सोडून दिल्या.

जाळें म्हणजे कोळ्याची भाकर. महाराष्ट्र सरकारनें डिसेंबर २०१८ मध्यें संरक्षित जलचर सोडविण्यासाठीं कापलेल्या जाळ्याबद्दल २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याचें ठरविलें, हें योग्यच झालें. ज्या दयेचा खर्च एकट्या गरिबानेंच सोसावा, ती समाजाची दया नव्हे.

पालकहो, सुटीच्या दिवशीं मुलांस बंदरावर न्या. तिथीवरून भरती-ओहोटी कशी ओळखावी, हें एखाद्या वृद्ध कोळ्यास विचारूं द्या आणि लिहून ठेवूं द्या. मग बापाचा धंदा सांगतांना कोणाही मुलाचा आवाज खालीं जाणार नाहीं.