जुहूहूनही उडता येतं

गोंदिया-बारामतीत २०० तास उडून व्यावसायिक परवाना मिळवलेल्या मुलामुलींना घरचे एकच विचारतात: एअरलाइनमध्ये कधी? प्रश्न रास्तच. कर्ज डोक्यावर असतं, आणि मोठ्या विमानाचं टाइप रेटिंग पुन्हा लाखांत जातं. पण किंगफिशर, जेट, गो फर्स्ट बंद पडल्या तेव्हा हीच ‘पक्की’ नोकरी हवेत विरली. जुहूहून बॉम्बे हायच्या तेलफलाटांवर माणसं नेणारा हेलिकॉप्टर पायलट मात्र कुणाच्या स्वप्नात नसतो! त्याचा परवाना वेगळा, पावसाळ्यातली उड्डाणं जिकिरीची. चार्टरवाल्याला तर वेळापत्रकच नाही. सामानही कधी स्वतःच उचलायचं. तरी उडण्याची खरी हौस असेल, तर आमचं माप या कामांकडेच झुकतं. फी भरण्याआधी या अंकातल्या मुलाखती घरच्यांसोबत वाचा.